भुईआवळी, कुटकी आणि माझं एसजीपीटी

टिपूर

गेल्या महिन्यात सहज म्हणून रक्त तपासलं तर एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ७८ निघालं, म्हणजे वाढलेलं. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर, ग्रेड १', म्हणजे यकृतात थोडी चरबी साठलेली. दारू घेत नाही, कावीळ कधी झाली नाही. वजन मात्र आहे. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. गोळी एकही दिली नाही. हे ऐकून नणंदेने लगेच कॅप्सूलची डबी पाठवली. आत भुईआवळी, कुटकी, काळमेघ, पुनर्नवा, माका, हळद आणि सिलिमारिन (एका काटेरी झाडाच्या बियांतला अर्क). वर ठळक अक्षरांत 'शक्तिशाली अँटिऑक्सिडंट, यकृताचं कवच'.

मला दोनच गोष्टी विचारायच्यात. हे अँटिऑक्सिडंट यकृतात जाऊन नेमकं करतं काय? आणि मी घेऊ की नको? 'नैसर्गिक आहे, घेऊन टाक, अपाय तर नाही ना' हे उत्तर आत्तापर्यंत सात जणांनी दिलंय, ते सोडून सांगा.

सटरफटर

आठवा मी. घेऊन टाका. (पळतो)

गवताचं पातं

माझंही ग्रेड १ आहे. वाचतोय.

मुळाक्षर

टिपूरताई, पोटापाण्यासाठी काही वर्षं मी हेच काम केलंय. म्हणजे पांढऱ्या उंदरांना झाडपाल्याचे अर्क पाजायचे आणि त्यांची यकृतं बघायची.

पद्धत सगळीकडे साधारण एकच. आठवडाभर रोज नळीने अर्क पोटात सोडायचा. मग कार्बन टेट्राक्लोराइड तेलात मिसळून टोचायचं. गोडसर वासाचं द्रव्य, बाटलीचं बूच काढलं की डोकं जड होतं. ते स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं एक एन्झाइम त्याचा एक क्लोरीन तोडतं आणि मग जे उरतं ते फ्री रॅडिकल, एक अस्थिर तुकडा. हे रॅडिकल पेशीच्या आवरणातल्या चरबीवर झडप घालतं, ती चरबी बिघडून शेजारणीला बिघडवते, ती तिच्या शेजारणीला. चोवीस तासांनी उंदीर उघडला की अर्क न मिळालेल्याचं यकृत फिकट पिवळट, ठिपक्याठिपक्यांचं, चिमट्यात धरलं तर फाटणारं. अर्क मिळालेल्याचं बऱ्यापैकी तांबूस तपकिरी, कडा नीट. फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भारावून गेलो होतो.

पुढे शंका यायला लागल्या. एक तर अर्क आधी आणि विष नंतर. माणूस नेमकं उलट करतो, यकृत बिघडल्यावर डबी उघडतो. शिवाय ते एन्झाइमच अर्काने मंदावलं तर रॅडिकल तयारच होणार नाही आणि यकृत शाबूत राहील. म्हणजे अर्काने आग विझवली नाही, काडीच ओली केली. पण निबंधात दोन्ही वेळा 'अँटिऑक्सिडंट परिणाम' असंच लिहून जातं.

आणि मात्रा! उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क सर्रास देतात. नेहमीच्या हिशेबाने त्याचं माणसासाठी रूपांतर केलं तर ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास ४ ग्रॅम सुका अर्क लागेल, तोही एकाच वनस्पतीचा. तुमच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये सात जण दाटीवाटीने बसलेत.

सटरफटर

म्हणजे उंदीर असाल आणि पुढच्या आठवड्यात कोणी विष देणार हे आधी कळलं असेल, तर उपयोग आहे.

मुळाक्षर

@सटरफटर, थट्टा म्हणून लिहिलंत, पण सारांश हाच आहे.

अर्धशिशी

मी आयुर्वेदाची वैद्य. उंदीरपुराण आवडलं, पण एक हरकत नोंदवते. कुटकी अँटिऑक्सिडंट आहे म्हणून आम्ही देतच नाही. चरकाने ती लेखनीय गणात घातली आहे आणि भेदनीय गणातही. म्हणजे खरवडणारी आणि साठलेलं फोडून बाहेर काढणारी. योग्य मात्रेत दिली की ती लागू पडली हे रुग्णाला दुसऱ्या दिवशी सकाळीच कळतं, कसं ते इथे लिहीत नाही. यकृत आणि प्लीहा ही रक्तवह स्रोतसांची मुळं, तिथलं दुष्ट पित्त खाली काढायचं, हा विचार. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द डबी छापणाऱ्यांचा.

सात द्रव्यं एकत्र कोंबून प्रकृती, बल, कोष्ठ काही न बघता सगळ्यांना सकाळ-संध्याकाळ एकेक, याला मी तरी चिकित्सा म्हणणार नाही.

धोपटमार्ग

वैद्यताई, यकृतासाठी तुमच्याकडे सर्वात जास्त चालते ती आरोग्यवर्धिनी. तिच्यात निम्मी कुटकी हे ठीक, पण उरलेल्या निम्म्यात पारा-गंधकाची कज्जली आणि ताम्रभस्म असतं की नाही? २००८ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात एक तपासणी छापून आली होती. इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर सुमारे २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. यकृत वाचवायला जाऊन मूत्रपिंड गमवायचं?

अर्धशिशी

असतं. म्हणूनच ती वैद्याला विचारून घ्यायची, नणंदेला विचारून नाही. त्याच तपासणीत रसौषधींमध्ये, म्हणजे पारा-भस्मं घातलेल्या औषधांत, हे प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त होतं, हेही सांगा. नुसत्या वनस्पतींच्या काष्ठौषधी आणि रसौषधी यांत फरक करा, एवढंच म्हणणं आहे.

निवडुंग

माझ्या भावाची कावीळ भुईआवळीच्या रसाने पंधरा दिवसांत उतरली. डॉक्टरांनी नुसती विश्रांती सांगितली होती. हे डोळ्यांनी पाहिलंय, त्याचं काय करायचं?

धोपटमार्ग

कुठली कावीळ होती? हिपॅटायटिस ए किंवा ई असेल तर बहुतेक धडधाकट माणसांत ती काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात जे पोटात जाईल त्याच्या नावावर श्रेय जमा होतं. भुईआवळी प्यायला, श्रेय भुईआवळीला. मंत्र म्हटला, श्रेय मंत्राला. यकृत बिचारं स्वतः कष्ट करून बरं होतं आणि सत्काराला दुसराच उभा राहतो.

निवडुंग

ए होती. बरं, हे पटलं. थोडंसं.

पानगळ

भुईआवळीचा विषय निघालाच आहे तर तिची खरी गोष्ट सांगते, ती भावाच्या काविळीपेक्षा रंगतदार आहे.

१९८८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मद्रासच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. हिपॅटायटिस बी शरीरात ठाण मांडून बसलेल्या लोकांना ३० दिवस भुईआवळीची पूड दिली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातलं विषाणूचं एस अँटिजेन (विषाणू अंगात असल्याची खूण) नाहीसं झालं, खोट्या गोळीवाल्यांत २३ पैकी फक्त एकाचं. खळबळ उडाली. मग इतर देशांत तोच प्रयोग करून पाहिला, पण तो निकाल काही पुन्हा हाती लागला नाही.

का लागला नाही याची कारणं बरीच सांगतात, त्यातलं एक मला बागवाली म्हणून पटतं. भुईआवळी म्हणून जी येते ती एकच वनस्पती नसते. पान उलटं करून बघा. पानामागे बारीक मण्यांसारखी हिरवी फळं ओळीने लटकलेली दिसली की आपण म्हणतो, सापडली. पण ही ओळ तिच्या सख्ख्या-चुलत बहिणींच्याही पानामागे असते. एकीचं देठ लालसर आणि फळ खरबरीत, दुसरीचं देठ हिरवं आणि फळ गुळगुळीत. वाळवून पूड केल्यावर हे ओळखणार कोण? माझ्याच दोन कुंड्यांत दोन वेगळ्या निघाल्या, आणि मी वर्षभर दोन्हींना एकाच नावाने हाक मारत होते.

कोरडी विहीर

प्रश्न जरा बाजूचा आहे. यकृत आणि काळीज एकच ना? मग 'काळजाला घरं पडली' म्हणजे सिरॉसिस का?

सटरफटर

आणि 'काळीज दगडाचं झालं' म्हणजे फायब्रोसिस. आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं.

पानगळ

हसू नका, शब्द खरंच दोन्हीकडे आहे. हृदयालाही काळीज म्हणतो आणि कापलेल्या जनावराच्या यकृतालाही. कोणी 'काळजाची काळजी घे' म्हणालं तर ईसीजी काढायचा की एसजीपीटी, हे विचारून घ्यावं.

टिपूर

लोकहो, माझं काळीज बाजूला राहिलं. अँटिऑक्सिडंट करतं काय, हे अजून कोणी सांगितलं नाही.

मुळाक्षर

चूक मान्य. सांगतो.

यकृताचं काम औषधं, दारू, चरबी, कचरा सगळं पचवायचं. त्या खटपटीत ठिणग्या उडणारच, त्याच फ्री रॅडिकल. त्या विझवतं ते अँटिऑक्सिडंट. यकृताकडे त्यासाठी स्वतःचं अग्निशमन दल आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेज एका रॅडिकलचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, कॅटलेज त्याचं पाणी करतं. आणि सगळ्यात मोठा साठा ग्लुटाथायोनचा. यकृताच्या पेशीत तो इतका असतो की त्यापुढे कॅप्सूलमधून रक्तात पोचणारं हळदीतलं कुरक्युमिन किंवा सिलिमारिनमधलं सिलिबिनिन म्हणजे हजारांत एक, बहुधा त्याहूनही कमी. विहिरीत चमचाभर पाणी ओतून ती भरली म्हणण्यासारखं.

पॅरासिटामॉलचं उदाहरण घ्या. प्रमाणात घेतलं तर त्यातून निघणारा विषारी तुकडा ग्लुटाथायोन गिळून टाकतं. एकाच वेळी मूठभर गोळ्या खाल्ल्या की साठा संपतो आणि मग तो तुकडा पेशी जाळतो. इस्पितळात त्यावर देतात एन-अॅसिटिलसिस्टीन, म्हणजे ग्लुटाथायोन बनवायचा कच्चा माल. यकृताला अँटिऑक्सिडंटच्या वाटेने खरोखर वाचवणारं, रोजच्या वापरातलं औषध दाखवा म्हणालात तर मी हेच दाखवीन. आणि त्यातही वेळ चुकली तर उपयोग घटतो.

मग वनस्पती काहीच करत नाहीत का? करतात, पण बहुधा पाणी ओतून नाही, घंटा वाजवून. कडू-तुरट द्रव्यं पेशीला जराशी बोचतात. पेशीत एनआरएफ-२ नावाचा एक प्रथिन-पहारेकरी असतो, तो या बोचण्याने जागा होऊन स्वतःच्या दलाची भरती वाढवतो. म्हणजे हे स्वतः अँटिऑक्सिडंट असण्यापेक्षा सौम्य चिडवणारे आहेत. आणि चिडवणं जास्त झालं तर काय होतं, ते सांगायला नको.

धोपटमार्ग

याला जोडून परीक्षानळीतल्या चाचणीचंही सांगा की.

मुळाक्षर

डीपीपीएच. जांभळं द्रावण घ्यायचं, त्यात अर्काचे थेंब टाकायचे, जांभळं जाऊन पिवळं झालं की वनस्पती अँटिऑक्सिडंट. आम्ही एकदा कंटाळून आवारात पडलेली वाळकी पानं उकळून टाकली. झकास पिवळं झालं. पानात थोडंफार टॅनिन असलं की ही परीक्षा पास. 'शक्तिशाली' हा शिक्का अनेकदा इथूनच येतो.

तिसरी घंटा

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. 'अपाय तर नाही' या वाक्यावर लिहायलाच हवं.

करोनाच्या काळात मी रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेत होते. बोटभर कांड, ठेचून, उकळून. चार महिने, एकही दिवस न चुकवता. आधी अंगाला खाज सुटली, तीही रात्री तळहातांना. मग भूक गेली. एके दिवशी आरशात डोळ्यांचे पांढरे भाग पिवळे दिसले. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, ११. हिपॅटायटिसच्या सगळ्या चाचण्या निगेटिव्ह. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, कुठलं औषध घेता? तिन्ही वेळा मी 'काही नाही' म्हणाले. काढा औषध आहे असं माझ्या डोक्यातच नव्हतं. चौथ्यांदा नवऱ्याने सांगितलं. बायोप्सीत स्वप्रतिकार हिपॅटायटिससारखं चित्र, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली. काढा बंद, काही महिने स्टेरॉइड. आता बरी आहे.

नंतर वाचनात आलं की मी एकटी नव्हते. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असे ६ रुग्ण नोंदवले, पुढच्या वर्षी वेगवेगळ्या शहरांतले मिळून ४३. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते, आणि ज्यांच्यात ती शक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटायच्या बेतात असते त्यांना ती ढकलते, असा त्यांचा अंदाज.

अर्धशिशी

@तिसरी घंटा, वाईट वाटलं वाचून. आयुष मंत्रालयाने हा संबंध मान्य केला नव्हता. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात चुकून वापरली जाते हा मुद्दाही खरा आहे. पण माझ्याकडे कोणी रोज, महिनोन् महिने, कोणी सांगितल्याशिवाय गुळवेल घेतो म्हणालं तर मी आता थांबवते आणि आधी एलएफटी, म्हणजे यकृताच्या रक्तचाचण्या, करून आणायला सांगते. पूर्वी करत नव्हते.

धोपटमार्ग

वैद्यताई, या वाक्यासाठी तुम्हाला सलाम. वाद घालायला मजाच येईना आता.

कोरडी विहीर

बाकीच्यांचं काय? हळद तरी निरुपद्रवी ना? आणि ग्रीन टी?

धोपटमार्ग

कपातला चहा वेगळा, गोळीतला अर्क वेगळा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे द्रव्य पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताची एन्झाइम वाढलेली दिसतात. कपभर चहा पिणाऱ्याने घाबरायचं कारण नाही.

हळदीचं तसंच. कुरक्युमिन नुसतं घेतलं तर आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही. मग मिरीतलं पायपरीन जोडलं की रक्तातलं प्रमाण सुमारे वीसपट वाढतं, असं १९९८ च्या अभ्यासात दिसलं. कंपन्या खूश. पण हळदीच्या गोळ्यांनंतर यकृताला इजा झालेल्या १० जणांची नोंद अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये केली, आणि त्यातल्या बहुतेकांत एक विशिष्ट जनुकप्रकार सापडला. न शोषली जाणं हेच हळदीचं चिलखत होतं, ते आपणच उतरवलं.

पानगळ

डबीवर पायपरीन आहे का बघा टिपूरताई.

टिपूर

आहे. सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. चष्मा लावून वर भिंग धरावं लागलं.

शेवटचा बाक

सिलिमारिनला सगळ्यांच्या बरोबरीने झोडू नका. पानांवर दूध सांडल्यासारख्या पांढऱ्या शिरा असलेल्या काटेरी झाडाच्या बियांतून ते येतं. डेथ कॅप नावाची विषारी अळंबी खाल्लेल्या लोकांना युरोपात त्यातलं सिलिबिनिन शिरेतून देतात. अळंबीचं विष ज्या दारातून यकृताच्या पेशीत शिरतं ते दारच ते अडवतं.

मुळाक्षर

बरोबर. पण बघा, इथेही खरं काम दार अडवण्याचं, रॅडिकल पुसण्याचं नाही. आणि ते शिरेतून. तोंडाने घेतलेलं शोषलं जातं जेमतेम. २०१२ मध्ये हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांवर चाचणी झाली, नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेत, २४ आठवडे. एएलटी, म्हणजे आपलं एसजीपीटी, खोट्या गोळीपेक्षा जास्त उतरलं नाही. पण सिलिमारिनचा अपायही फारसा दिसत नाही, हे त्याच्या बाजूने.

शेवटचा बाक

मग फॅटी लिव्हरला एकही अँटिऑक्सिडंट लागू नाही?

मुळाक्षर

ई जीवनसत्त्व. २०१० च्या मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेल्या, बायोप्सीने सूज सिद्ध झालेल्या रुग्णांना ९६ आठवडे रोज ८०० युनिट दिलं. ४३ टक्क्यांत सुधारणा, खोट्या गोळीत १९ टक्के. पण हे ग्रेड १ वाल्याने स्वतःहून घ्यायचं नाही, मोठ्या मात्रेचे दुसरे धोके आहेत. वजन ७ ते १० टक्के उतरलं तर यकृतातली सूजही उतरते, हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलंय.

सटरफटर

एवढा मोठा धागा आणि शेवटी निघालं काय, तर डॉक्टर पहिल्या परिच्छेदात बोलले तेच!

निवडुंग

पण वजन उतरवायची कॅप्सूल असेल ना एखादी?

सटरफटर

नवा धागा काढा.

टिपूर

साडेतीन महिन्यांनी धागा वर काढतेय. कोणाला आठवत असेल तर.

खरं सांगते, तुम्ही इतकं लिहूनही मी कॅप्सूल घेतल्या. नणंद रोज फोन करून विचारायची आणि मला खोटं बोलता येत नाही. अकरा दिवस घेतल्या. वैद्यताईंनी जे लिहायचं टाळलं होतं ते मला तिसऱ्या दिवशीच कळलं. बाराव्या दिवशी घरातल्यांनीच डबी वरच्या फळीवर ठेवून दिली.

चालायला लागले. रोज पाऊण तास. वजन ७४ होतं, आता ६९. कालचा रिपोर्ट: एसजीपीटी ४१.

नणंदेला कळवलं. ती म्हणाली, "बघ, अकराच दिवसांत केवढा गुण आला!"

धोपटमार्ग

सत्काराला दुसरीच उभी राहिली.

अर्धशिशी

अभिनंदन टिपूरताई. ती डबी कोणाला देऊ नका, म्हणजे झालं.

गवताचं पातं

ताई, चालायला सकाळी जाता की संध्याकाळी?

टिपूर

संध्याकाळी. सकाळी उठवत नाही.